राहते घर आणि भाड्याचे घर : व्यवहार डोळसपणे करा
(वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



धम्मावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. मी बँकेतला साधा कारकून. कार्यकर्ते म्हणाले, "पोरं नोकरीला लागली की प्लॉट घेतात आणि मग कागद घेऊन वणवण फिरतात. त्यावर बोला." म्हणून उभा आहे.

1917 साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही, हे आपण सारे जाणतो. त्याच बाबासाहेबांनी पुढे मुंबईत दादरच्या हिंदू कॉलनीत दोन भूखंड घेतले. एकावर राहण्यासाठी आणि ग्रंथांसाठी 'राजगृह' उभे राहिले. दुसऱ्यावर 'चार मिनार' ही इमारत भाड्याने देण्यासाठी बांधली. त्यासाठी कर्ज काढले. 1941 मध्ये देणी फेडण्यासाठी आणि ग्रंथांसाठी पैसा हवा होता, तेव्हा त्यांनी 'चार मिनार' विकली. राजगृह मात्र राहिले.

मित्रांनो, माझे भाषण एवढ्यातच आले. राहते घर वेगळे आणि उत्पन्नाचे घर वेगळे. अडचण आली तर दुसरे विकता आले पाहिजे आणि पहिले शाबूत राहिले पाहिजे. आज उलटे होते. पहिल्या घराचे हप्ते चालू असताना तेच घर गहाण टाकून बुलडाणा, जालना, छत्रपती संभाजीनगरकडे प्लॉट घेतला जातो. आपल्यातील पुष्कळांच्या मागे वडिलोपार्जित वाडा नाही, शेत नाही. आपला एक व्यवहार फसला म्हणजे एका पिढीची कमाई गेली.

आता थोडा हिशोब. 10 लाखांचे कर्ज 9 टक्के व्याजाने 20 वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे 9 हजार रुपये बसतो. एकूण फेड साडेएकवीस लाखांच्या वर जाते. तेच कर्ज 15 वर्षांत फेडले, तर हप्ता सुमारे साडेअकराशे रुपयांनी वाढतो, पण तीन लाखांहून अधिक रुपये वाचतात. आता समजा, त्या घराचे भाडे 3,500 रुपये आले. वर्षात एक महिना घर रिकामे राहिले, घरपट्टी आणि डागडुजीला 6,500 रुपये गेले, तर हाती 32 हजार उरतात. हप्ते मात्र 1 लाख 8 हजारांचे. म्हणजे दरवर्षी 76 हजार रुपये पगारातून घालावे लागणार. ते झेपत असेल तरच पाऊल टाका. शिवाय बँक पूर्ण किमतीचे कर्ज देत नाही. उरलेली रक्कम, मुद्रांक शुल्क, नोंदणी खर्च पदरचाच असतो. "भाव वाढणारच" हे दलालाचे वाक्य हिशोबात धरू नका.

दुसरी गोष्ट कागदाची. येथे मी माझीच चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला मीही एका ले-आउटमध्ये प्लॉट घेतला. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर इसारचिठ्ठी झाली, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या, आणि मी घरी पेढे आणले. पुढे कळले की जमीन शेतीचीच होती आणि तोच प्लॉट आणखी एकाला दिला होता. रोज दुसऱ्यांचे कागद तपासणारा मी, स्वतःचा कागद वाचला नाही. पत्नीची दोन तोळ्याची पोत त्यात गेली. ती आजही काही बोलत नाही, हेच जास्त लागते.

म्हणून लक्षात ठेवा. इसारचिठ्ठी म्हणजे मालकी नव्हे. मुखत्यारपत्रानेही मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केले आहे. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले खरेदीखत हवे. पैसे देण्यापूर्वी सातबारा, फेरफार आणि इतर हक्काचा रकाना पाहा. तेथे बोजा असेल तर तो दिसतो. 'भोगवटादार वर्ग 2' लिहिले असेल तर थांबा. अशा जमिनीला परवानगी किंवा अटी लागतात. अकृषिक आदेश आणि मंजूर नकाशा मागा. एक-दोन गुंठ्यांच्या व्यवहाराला तुकडेबंदी कायदा आडवा येतो. त्यात 2025 मध्ये सवलती आल्या, पण आपला तुकडा त्यात बसतो का, हे तहसीलमध्ये लेखी विचारा. गावठाणातील घराचा ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा हा कर आकारणीचा कागद आहे. केवळ त्यावर मालकी सिद्ध होत नाही. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्या. त्याची फी प्लॉटच्या किमतीपुढे काहीच नाही.

शहरात फ्लॅट घेणार असाल तर प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी आहे का ते पाहा. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बांधकाम व्यावसायिकाला दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. घर महिलेच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत 1 एप्रिल 2021 पासून आहे. ती जरूर घ्या, पण तिच्या नावावर घर करताना कागदही तिला वाचू द्या. माझ्या घरी तसे केले असते तर पोत वाचली असती.

घर भाड्याने द्याल तेव्हा करार लेखी आणि नोंदणीकृत करा. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी घरमालकावर टाकली आहे.

बंधू-भगिनींनो, तथागतांनी सिगाल गृहपतीला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले. एक उपभोगासाठी, दोन उद्योगासाठी आणि चौथा संकटासाठी राखून ठेवायचा. अनाथपिंडिकाला गृहस्थाची सुखे सांगताना त्यांनी ऋणमुक्तीच्या सुखाचाही उल्लेख केला. प्लॉट घेताना तो चौथा भाग मोडू नका. निदान सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवून मगच सही करा.

शेवटी एक विनंती. शहरात खोली मागायला गेलेल्या आपल्या मुलांना आजही आधी आडनाव विचारले जाते. उद्या तुम्ही घरमालक व्हाल. दारात कोणी पोरगा पेटी घेऊन उभा राहिला, तर त्याची ओळखपत्रे तपासा, भाडे ठरवा, करार करा. आडनावावरून दार लावू नका. बडोद्याची आठवण ठेवून घर बांधले, तरच ते बाबासाहेबांच्या वाटेवरचे घर म्हणता येईल.



जयभीम! नमो बुद्धाय!