बोर्ड गेला, बाकी आहे

'कॉम्प्युटर गेला' हे वाक्य हल्ली घरोघरी ऐकू येतं. माणूस गेला म्हणतात ना, अगदी त्याच सुरात. पण कॉम्प्युटर असा एकदम जात नाही. त्याचा एखादा भाग जातो, आणि बाकीचे धडधाकट भाग त्याच्याभोवती मुकाट बसून राहतात. या भागांत सगळ्यांत धास्ती घालणारं नाव मदरबोर्डचं. नावातच आई आहे म्हणून असेल, पण तो गेला म्हटलं की सारं घरच बसलं असं वाटतं. दुकानदारही म्हणतो, "आता नवाच घ्या साहेब." मला आज एवढंच सांगायचंय की नवा घेण्याआधी काय गेलंय आणि काय राहिलंय, याची मोजदाद करा.

मदरबोर्ड म्हणजे जुन्या वाड्यातला चौक. प्रत्येक खोलीचं दार तिथं उघडतं. हिशेब करणारा प्रोसेसर, कामापुरतं लक्षात ठेवणारी रॅम, कायमचं जपून ठेवणारी हार्ड डिस्क, वीज पुरवणारा एसएमपीएस ही सगळी मंडळी या पाटीवर एकमेकांशी बोलतात. पाटी बंद पडली की बोलणं थांबतं; माणसं शाबूत असतात. तुमचे फोटो, हिशेब, लेखन बोर्डवर नसतंच मुळी. ते हार्ड डिस्कवर असतं.

पण बोर्डच गेलाय, हे ठरवायचं कसं? आधी वीज बघावी. दुसरा चांगला एसएमपीएस लावून पाहावा. मग कॉर्ड काढून रॅम बाहेर घ्यावी आणि तिच्या सोनेरी कडा खोडरबरानं हलक्या हातानं पुसाव्यात. पुष्कळ 'गेलेले' कॉम्प्युटर एवढ्यानंच उठून बसतात. रोज तारीख-वेळ चुकत असेल, तर बोर्डवरचा सीआर 2032 नावाचा बटणासारखा सेल बदलावा. त्यासाठी बोर्ड बदलायची गरज नाही. आणि बोर्डवरच्या छोट्या उभ्या नळकांड्या, म्हणजे कपॅसिटर, जरूर पाहावेत. त्यांचा माथा सपाट असायला हवा. फुगला असेल, तिथून काही पाझरलं असेल, तर दुखणं तिथं आहे. 2000 नंतरच्या काही वर्षांत सदोष कपॅसिटरमुळे जगभर असंख्य बोर्ड अकाली गेले. डाग द्यायला हात बसलेला कारागीर असे कपॅसिटर बदलून बोर्ड वाचवूही शकतो.

माझ्याकडचा कॉम्प्युटर 2012 सालचा. तो मी का सोडत नव्हतो, तेही सांगतो. माझी फुफी, म्हणजे आत्या, जात्यावर ओव्या म्हणायची. सासर-माहेर, भाऊ, पाऊस, सारं अस्सल मराठीत. तिच्या तोंडून ऐकून मी त्या टाइप करून ठेवल्या. फुफी आता नाही. फाइलींच्या प्रती दुसऱ्या डिस्कवर आहेत, पण त्या युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटमध्ये. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडल्या की अक्षरांच्या जागी इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसतो. ते फाँट ज्या सॉफ्टवेअरचे, त्याला एक हार्डवेअर लॉक लागतं, आणि ते बसतं मागच्या जुन्या, रुंद प्रिंटर पोर्टमध्ये. आजच्या बहुतेक बोर्डांना तसं पोर्टच नसतं. तेव्हा हा बोर्ड गेला, तर ओव्या डिस्कवर असूनही वाचता येणार नव्हत्या.

आमच्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्या मुलानं सगळं तपासलं आणि म्हणाला, "चाचा, बोर्ड गेलाय. बाकी सगळं ठणठणीत आहे."

मी म्हटलं, "बेटा, मग बाकीचं तसंच राहू दे. पाटी तेवढी आण."

"आणतो. पण कुठलीही चालणार नाही चाचा. सॉकेट जुळायला पाहिजे."

या 'जुळण्या'त सगळी मेख आहे. प्रोसेसर बोर्डवरच्या ज्या चौकटीत बसतो तिला सॉकेट म्हणतात. इंटेलच्या 2011 मध्ये आलेल्या सॉकेटचा आकडा 1155, तर 2013 मध्ये आलेल्याचा 1150. फरक पाच टोकांचा, पण एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात बसत नाही. 1151 ची तर आणखी गंमत. 2015 आणि 2017 या दोन्ही साली आलेल्या बोर्डांवर आकडा तोच, प्रोसेसर बसतोही. पण 2017 च्या अखेरीस आलेले प्रोसेसर 2015 च्या बोर्डवर चालत नाहीत. एएमडीच्या एएम 4 सॉकेटचं वागणं जरा कुटुंबवत्सल. 2017 च्या अनेक बोर्डांवर बायोस अद्ययावत केलं की 2020 सालचे प्रोसेसरही चालतात. रॅमचंही तसंच. डीडीआर 3, 4 आणि 5 यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात. बसत नसेल तर जोर लावू नये, ती आपली रॅम नाही असं समजावं. बोर्डाचा आकारही पाहावा. एटीएक्स हे माप 1995 पासूनचं आहे, त्यामुळे साध्या कॅबिनेटमध्ये अडचण येत नाही. मात्र काही कंपन्यांच्या तयार कॉम्प्युटरमध्ये बोर्डाचा आकार आणि विजेचे प्लग त्यांचे स्वतःचे असतात. तिथं बाजारातली पाटी बसत नाही.

मुलानं एका बंद झालेल्या नेटकॅफेच्या सामानातून त्याच चिपसेटचा, प्रिंटर पोर्ट असलेला बोर्ड शोधून आणला. चिपसेट तोच म्हणून विंडोज कुरकुर न करता सुरू झालं. लॉक लावलं, ओव्या उघडल्या. आता त्या एकेक करून युनिकोडमध्ये नेतो आहे, म्हणजे पुढच्या माणसाला या पोर्टाची गरज पडणार नाही.

असे बोर्ड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत विचारले तर मिळू शकतात. घेताना ते दुकानातच चालू करून पाहावेत.

बदलण्याआधीची काही पथ्यं. पहिलं म्हणजे, हार्ड डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडावी आणि सगळ्याची प्रत घ्यावी. दुसरं, विंडोज 10 किंवा 11 मध्ये बिटलॉकर हे कुलूप लागलेलं असेल, तर नव्या बोर्डवर ते 48 आकड्यांची किल्ली मागतं. ती आधीच शोधून ठेवावी. तिसरं, कॉम्प्युटरबरोबर आलेला विंडोजचा परवाना बहुधा जुन्या बोर्डाशी बांधलेला असतो, त्याची चौकशी करावी. चौथं, वायरी काढण्यापूर्वी मोबाइलनं फोटो घ्यावा. आणि प्रोसेसर नव्यानं बसवताना जुनी वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी, नाहीतर तो तापतो.

प्रत्येक वेळी जुनं टिकवावं, असा माझा हट्ट नाही. बोर्डबरोबर प्रोसेसर आणि रॅमही बदलावी लागत असेल, तर तो जवळजवळ नवाच कॉम्प्युटर झाला. हिशेब मांडून ठरवावं. विंडोज 10 ला मिळणारी नियमित सुरक्षा 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबली, आणि विंडोज 11 कित्येक जुन्या प्रोसेसरना दारातच अडवतं. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करू नयेत. त्यावर लिनक्स घालता येतं, किंवा माझ्यासारखं इंटरनेट तोडून फक्त लेखनाला ठेवता येतं. आणि नवाच घेतला, तरी जुनी डिस्क, कॅबिनेट, कीबोर्ड, मॉनिटर यांना बाहेरची वाट दाखवायचं कारण नाही.

उरला तो मेलेला बोर्ड. त्यात तांबं असतं, चिमूटभर सोनं असतं, आणि जुन्या बोर्डांच्या डागात शिसंही असतं. भंगारात गेला की कुणीतरी पोरसवदा मुलगा तो जाळून धातू काढतो आणि तो धूर त्याच्या छातीत जातो. ई-कचऱ्याचे 2022 चे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. असा कचरा नोंदणीकृत केंद्रांकडेच जायला हवा. तो तिथंच द्यावा.

आपल्या आया-आज्या गोधडी शिवायच्या. लुगडं विरलं म्हणून त्या सगळंच टाकून देत नसत. कापड उजेडाकडे धरून बघायच्या, विरलेलं कापायच्या आणि धड उरलेलं टाक्याला घ्यायच्या. कॉम्प्युटर गेला असं कुणी म्हणालं, तर तोही आधी तसाच उजेडात धरून बघावा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)