स्वयंसेवकांचा वेब सर्व्हर आणि विश्वासाची कसोटी



जबलपूरचा सराफा असो की अन्य कोणती सोन्याचांदीची पेठ, तेथील व्यवहार विश्वासावर चालतो. मात्र हा विश्वास आंधळा नसतो. सराफ सोने कसोटीच्या दगडावर घासून पाहतो; दागिन्यावरील हॉलमार्कचा ठसा गिऱ्हाइकाला शुद्धतेची खात्री देतो. पारख करण्याची मुभा असेल तरच विश्वास टिकतो. संगणकाच्या क्षेत्रात हेच तत्त्व मुक्त स्रोत सॉफ्टवेअरने स्वीकारले. अपाचे वेब सर्व्हर हे त्याचे ठळक उदाहरण होय.

वेब सर्व्हरचे कार्य

विद्यार्थी परीक्षेचा निकाल पाहण्यासाठी संकेतस्थळ उघडतो, तेव्हा त्याच्या संगणकावरील ब्राउझर दूरच्या संगणकाकडे मागणी नोंदवतो. ही मागणी स्वीकारून योग्य पान परत पाठवणारी आज्ञावली म्हणजे वेब सर्व्हर. महाजालावरील प्रत्येक पानामागे अशी एखादी आज्ञावली अखंड राबत असते.

आठ जणांचा गट

१९९०च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या महासंगणन केंद्रात रॉब मॅकूल यांनी लिहिलेला सर्व्हर सर्वत्र वापरला जात होता. १९९४ मध्ये त्यांनी केंद्र सोडले आणि सुधारणांचे काम थंडावले. संकेतस्थळे सांभाळणारे तंत्रज्ञ आपापल्या परीने दुरुस्त्या करू लागले. या विखुरलेल्या दुरुस्त्या एकत्र आणण्यासाठी फेब्रुवारी १९९५ मध्ये ब्रायन बेहलेनडॉर्फ, रॉय फील्डिंग आदी आठ जणांचा गट तयार झाला. एप्रिल १९९५ मध्ये अपाचेची पहिली जाहीर आवृत्ती आणि १ डिसेंबर १९९५ रोजी १.० ही आवृत्ती निघाली. एप्रिल १९९६ पर्यंत तो जगातील सर्वाधिक वापराचा वेब सर्व्हर ठरला. १९९९ मध्ये या कामाला अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशन या ना-नफा संस्थेचे अधिष्ठान लाभले. पुढे एंजिनएक्ससारखे प्रतिस्पर्धी पुढे आले. तोही मुक्त स्रोतच आहे.

मुक्त म्हणजे बेशिस्त नव्हे

येथे कोणीही दुरुस्ती सुचवू शकतो. पण मूळ आज्ञावलीत थेट बदल करण्याचा अधिकार कामातून पात्रता सिद्ध करणाऱ्यांनाच मिळतो. सबळ तांत्रिक कारण देऊन एखादा अधिकारप्राप्त सदस्य बदल रोखू शकतो. नवी आवृत्ती प्रसिद्ध करण्यासाठी किमान तीन अनुकूल मते लागतात आणि ती विरोधी मतांपेक्षा अधिक असावी लागतात.

परवान्यांतील भेदही ध्यानात ठेवावा. जीएनयू सार्वजनिक परवान्यानुसार सुधारित सॉफ्टवेअर वितरित करताना त्याचा स्रोतही त्याच परवान्याखाली खुला ठेवावा लागतो. २००४च्या अपाचे परवान्यात अशी सक्ती नाही. मूळ स्वामित्वाच्या नोंदी राखून ते व्यापारी उत्पादनातही वापरता येते. ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ हे समानार्थी शब्द नव्हेत. वापरण्याचे, तपासण्याचे, बदलण्याचे व वाटण्याचे स्वातंत्र्य हा यातील गाभा आहे.

जबाबदारी कोणाची?

स्रोत खुला असला म्हणजे सुरक्षितता आपोआप येत नाही. अपाचे स्ट्रट्स या सॉफ्टवेअरमधील गंभीर दोषाची दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच उपलब्ध झाली होती. इक्विफॅक्स या अमेरिकी पतनोंदणी कंपनीने ती वेळेत बसवली नाही आणि सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती चोरीस गेली. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या छोट्या घटकातील दोषाने जगभरच्या यंत्रणा हादरल्या. हा घटक सांभाळणारे बहुतांश स्वयंसेवक आपली नोकरी करून उरलेल्या वेळात हे काम करत होते. ज्या पायावर मोठमोठे उद्योग उभे राहतात, त्याची डागडुजी मूठभर माणसांच्या फावल्या वेळेवर सोडणे कितपत योग्य, हा प्रश्न त्या प्रसंगाने ऐरणीवर आणला.

भारताची भूमिका

भारत सरकारने २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअरविषयीचे धोरण जाहीर केले. त्यानुसार शासकीय ई-प्रशासन यंत्रणांसाठी अशा सॉफ्टवेअरला प्राधान्य असून ते न वापरल्यास पुरवठादाराने कारण देणे अपेक्षित आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा ‘फॉसी’ प्रकल्प शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करतो. तेथील ‘स्पोकन ट्युटोरियल’चे पाठ मराठीतही उपलब्ध आहेत.

तथापि, वापर वाढणे म्हणजे सहभाग वाढणे नव्हे. दुरुस्त्या वेळेवर बसवणारे प्रशासक, दोष शोधून कळवणारे अभियंते आणि हे काम करणाऱ्यांना वेळ व वेतन देणाऱ्या संस्था, या तिन्हींची आवश्यकता आहे. महाविद्यालयातील विद्यार्थ्याला आरंभासाठी मोठे भांडवल लागत नाही. सूचनापुस्तिकेतील एखादी चूक सुधारणे किंवा तिचे मराठी भाषांतर करणे, हेही योगदानच आहे. सार्वजनिक विहिरीचे पाणी सर्वांनी भरावे, पण गाळ उपसण्याची पाळीही सर्वांनी घ्यावी, हा गावगाड्यातील व्यवहार डिजिटल युगातही तितकाच लागू पडतो.