बंगालचे कारखाने कुठे गेले?

आज आपण पश्चिम बंगालबद्दल बोलणार आहोत. सुरुवात एका आकड्यापासून करतो. १९६०-६१ मध्ये देशाच्या जीडीपीत या राज्याचा वाटा १०.५ टक्के होता. २०२३-२४ मध्ये तो ५.६ टक्के झाला. पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेच्या २०२४ च्या टिपणातले हे आकडे आहेत. तेव्हा बंगाली माणसाचं सरासरी उत्पन्न देशाच्या सरासरीच्या सव्वापट होतं. आता ते सरासरीच्या खाली आहे.

असं का झालं, हे विचारलं की बहुतेक जण एका शब्दात उत्तर देतात: युनियन. मला ते अर्धंच उत्तर वाटतं.

थोडं मागे जाऊ. १८५५ मध्ये हुगळीकाठी रिश्र्याला पहिली ज्यूट गिरणी निघाली. पुढे नदीच्या दोन्ही काठांवर गिरण्यांची रांगच लागली. मग १९४७ ची फाळणी आली. गिरण्या भारतात राहिल्या आणि ज्यूट पिकवणारी बरीचशी जमीन पूर्व पाकिस्तानात गेली. बघा, कारखाना इकडे आणि कच्चा माल सीमेपलीकडे! शिवाय लाखो निर्वासित आले, ते वेगळेच.

दुसरा धक्का दिल्लीतून बसला. १९५० च्या दशकात केंद्राने मालवाहतूक समानीकरण धोरण आणलं. नाव अवघड आहे, पण गोष्ट सोपी आहे. पोलाद दुर्गापूरला घ्या नाहीतर मुंबईला, भाव सारखाच. वाहतुकीचा खर्च सगळ्यांमध्ये वाटला जायचा. त्यामुळे खाणी आणि पोलाद कारखाने जवळ असण्याचा पूर्व भारताचा फायदाच संपला. कापसाला मात्र असा नियम नव्हता. हे धोरण १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चाललं. आपल्या मुंबई-पुण्याच्या इंजिनिअरिंग उद्योगाला त्याचा फायदा झाला, हे आपणही मान्य करायला हवं.

आणि मग येतात युनियन. १९६७ ला संयुक्त आघाडीचं सरकार आलं आणि ‘घेराव’ हा शब्द देशभर पोचला. मॅनेजरला तासन् तास कोंडून ठेवायचं, आणि पोलिसांनी लगेच मध्ये पडायचं नाही. कामगारांच्या तक्रारी खोट्या नव्हत्या. पण मालकांनी नवी गुंतवणूक दुसरीकडे वळवली. गेलेली हेड ऑफिसं सहसा परत येत नाहीत.

आता सावरण्याच्या प्रयत्नांकडे येऊ. १९९४ मध्ये ज्योती बसूंच्या डाव्या सरकारनेच खासगी गुंतवणुकीचं स्वागत करणारं औद्योगिक धोरण मांडलं. हल्दिया पेट्रोकेमिकल्स उभं राहिलं, सॉल्ट लेकला आयटी आलं. बुद्धदेव भट्टाचार्यांनी २००६ मध्ये मोठा डाव टाकला: सिंगूरला टाटांची नॅनो. त्यासाठी साधारण ९९७ एकर जमीन घेतली, तीही १८९४ च्या इंग्रजी कायद्याने. जमीन सुपीक होती, आणि बऱ्याच शेतकऱ्यांना ती द्यायचीच नव्हती. आंदोलन पेटलं. ऑक्टोबर २००८ मध्ये टाटा बाहेर पडले आणि नॅनो गुजरातमध्ये साणंदला गेली. २०११ मध्ये ३४ वर्षांची डावी सत्ता गेली.

गोष्ट इथेच संपत नाही. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते भूसंपादन रद्द केलं आणि जमीन शेतकऱ्यांना परत द्यायला सांगितलं. शेड पाडावे लागले, काँक्रीट उखडावं लागलं. २०२३ मध्ये लवादाने टाटा मोटर्सला ७६५.७८ कोटी रुपये आणि वर व्याज देण्याचा निवाडा दिला. म्हणजे कारखाना गेला, शेती बिघडली, आणि बिल राज्याच्या नावावर!

माझ्या मते खरा धडा इथे आहे. पन्नास वर्षांचं नुकसान एका कारखान्याने भरून निघत नाही. आणि ज्याची जमीन आहे त्याचा विश्वास मिळवला नाही, तर तो एक कारखानाही टिकत नाही.

नव्या सरकारने उलटी वाट धरली. खासगी उद्योगासाठी जबरदस्तीने जमीन घ्यायची नाही, सरकारी जमिनींची लँड बँक करायची, २०१५ पासून गुंतवणूकदारांची परिषद भरवायची आणि छोट्या उद्योगांवर भर द्यायचा. २०१५-१६ च्या सरकारी सर्वेक्षणात बंगालमध्ये सुमारे ८९ लाख लघुउद्योग मोजले गेले, महाराष्ट्रात ४८ लाख. ऐकायला भारी वाटतं ना? पण त्यातले बहुतेक अगदी घरगुती आहेत. हाताला काम मिळतं, पण पगार वाढत नाही. झवेरी बाजारातला बंगाली सोनार कारागीर आणि हिंजवडीतला बंगाली इंजिनिअर घरापासून इतक्या लांब का आलेत, याचं एक उत्तर या आकड्यात आहे.

आता तुम्ही म्हणाल, याचं आपल्याला काय? त्याच टिपणानुसार महाराष्ट्राचा वाटा अजूनही सगळ्यात मोठा आहे, १३.३ टक्के. पण काही वर्षांपूर्वी तो १५ टक्क्यांच्या वर होता. १९६० मध्ये कोलकात्यातल्या कोणाला वाटलं असेल की आपण मागे पडू? म्हणून पुढच्या वेळी करारांचे कोटींचे आकडे कानावर आले की तीन प्रश्न विचारा. जमीन कोणाची? पगार किती? आणि सरकार बदललं तरी नियम तेच राहणार का?

तुमच्या जिल्ह्यात याची उत्तरं काय आहेत, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!