ओल्या कचऱ्याचा जमाखर्च

(गृहनिर्माण संस्थांच्या पदाधिकाऱ्यांपुढे केलेले भाषण)



बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, असे आपल्याकडे म्हणतात. मुंबईत देवनारला 1927 पासून कचरा पडत आला. पण त्या उकिरड्याचे पांग काही फिटले नाहीत. जानेवारी 2016 मध्ये तेथे भडकलेल्या आगीचा धूर शहरावर पसरला, तेव्हा दाराबाहेर ठेवलेला कचरा आपल्या आयुष्यातून जात नाही, याची प्रचीती सर्वांना आली. कचऱ्याशेजारी राहणाऱ्या गोरगरिबांना मात्र ती रोजच येत होती.

अशा आगींचे एक मूळ आपल्या स्वयंपाकघरात आहे. भाज्यांची देठे, फळांच्या साली, उरलेले अन्न हे सारे ढिगाऱ्याखाली हवेवाचून दबून कुजले, की त्यातून मिथेन हा ज्वालाग्राही वायू निर्माण होतो. तोच ओला कचरा हवा खेळती ठेवून कुजविला, तर त्याचे काळे, भुसभुशीत खत होते. हे शास्त्र आपल्याला परके नाही. इंदूर येथे अल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्या सहकार्याने कंपोस्टची पद्धत सिद्ध केली आणि 1931 मध्ये ती ग्रंथरूपाने जगापुढे ठेवली. ओल्या कचऱ्यात वाळलेला पालापाचोळा मिसळावा, ढीग वेळोवेळी वरखाली करावा, पिळलेल्या फडक्याइतका ओलावा राखावा; एवढे पथ्य पाळले, तर दुर्गंधी येत नाही आणि काही आठवड्यांत खत तयार होते.

कायद्याचे पाठबळही मिळाले. घनकचरा व्यवस्थापनाच्या 2016 च्या नियमांनी रोज 100 किलोंहून अधिक कचरा निर्माण करणाऱ्यांवर ओल्या कचऱ्याची शक्यतो आपल्याच आवारात विल्हेवाट लावण्याची जबाबदारी टाकली. मुंबई महानगरपालिकेने 2 ऑक्टोबर 2017 पासून मोठ्या संकुलांसाठी तसा आग्रह धरला. अनेक ठिकाणी खड्डे बांधले गेले, पिंपे आणली गेली. परंतु काही संकुलांत वर्षभरातच ती पिंपे रिकामी पडली. याचे कारण शास्त्रात नाही, जमाखर्चात आहे; आणि आज मला बोलायचे आहे ते त्याविषयीच.

एक साधा हिशेब मांडू. समजा, 200 कुटुंबांच्या वसाहतीत प्रत्येक घरातून रोज अर्धा किलो ओला कचरा निघतो. तो झाला 100 किलो. कुजताना वजन बरेच घटते. त्याचे साधारण 20 किलो खत धरू, म्हणजे महिन्याला 600 किलो. किलोमागे 5 रुपये मिळाले, तर 3,000 रुपये हाती येतील. उलट, कचरा तपासणाऱ्या व ढीग हलविणाऱ्या माणसाचे वेतन, विरजण आणि दुरुस्ती यांवर महिन्याला 15,000 रुपये लागतात असे धरले, तर 12,000 रुपयांची तूट येते. खत विकून प्रकल्प आपला आपण चालेल, ही आशा म्हणूनच फोल ठरते. पण ही तूट घरटी वाटली, तर महिन्याला 60 रुपये, म्हणजे दिवसाला 2 रुपये होतात. उद्वाहन आणि पाण्याचा पंप यांसाठी देखभाल निधी देणाऱ्या कुटुंबांना हा भार असह्य नाही.

तथापि सारा भार रहिवाशांनीच का वाहावा? या वसाहतीतला महिन्याचा तीन टन कचरा महानगरपालिकेला उचलावा लागत नाही, वाहून न्यावा लागत नाही, त्यासाठी जमीनही अडकवावी लागत नाही. ही बचत ज्यांच्या श्रमामुळे होते, त्यांना तिचा वाटा मिळणे न्याय्य होय. पुणे महानगरपालिकेने गांडूळखतासारखे प्रकल्प राबविणाऱ्या मिळकतींना मालमत्ता करात सवलत देऊन ही वाट दाखविली. अशी सवलत एकदा यंत्र बसविले म्हणून नव्हे, तर प्रकल्प प्रत्यक्ष चालू आहे याची दरवर्षी खातरजमा करूनच द्यावी. बांधकामासाठी एकरकमी अनुदान मिळविणे सोपे असते. रोजच्या चालविण्याचा खर्च मात्र बहुधा कोणाच्याच अंदाजपत्रकात नसतो. चाळी आणि वस्त्यांत, जिथे वर्गणी काढणे कठीण, तिथे हा खर्च पालिकेनेच उचलावा.

या खर्चाचा मोठा भाग कष्ट करणाऱ्या हातांचा आहे, हेही ध्यानी घ्या. पुण्यात 1993 मध्ये कागद, काच, पत्रा वेचणाऱ्यांची कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेने कचरावेचक भगिनींना खतनिर्मितीचे शिक्षण दिले. ढिगाऱ्यावर जीव धोक्यात घालणाऱ्या बाईला वसाहतीच्या आवारात मानाचे काम आणि ठरावीक वेतन मिळावे, यासाठी ते 2 रुपये आहेत. तिच्या वेतनात काटकसर करून चालविलेला प्रकल्प टिकत नाही, आणि टिकला तरी तो शोभत नाही.

म्हणून आपणांस माझी विनंती एवढीच, की येत्या सर्वसाधारण सभेत यंत्राच्या किमतीआधी तीन गोष्टींचा ठराव करा: कचरा वेगळा करण्याची शिस्त, काम करणाऱ्या व्यक्तीचे वेतन आणि त्यासाठी स्वतंत्र निधी. ही तरतूद झाली, की साधी विटांची टाकीसुद्धा वर्षानुवर्षे काम देते.