शनिवारचा फळा

महानुभाव पंथाच्या जुन्या पोथ्या सांकेतिक लिप्यांत लिहिलेल्या असत. एका अक्षराच्या जागी दुसरेच! ‘सकळ’ ही त्यांतली प्रसिद्ध लिपी. बाहेरच्या वाचकाला या पोथ्या शेकडो वर्षे मुक्याच होत्या. त्यांचे कुलूप उघडणाऱ्यांत इतिहासाचार्य राजवाडे अग्रणी. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापणारे तेच.

गुरुजी, हाच खेळ वर्गात मांडा. सोमवारी फळ्यावर एक परिच्छेद लिहा. कानामात्रा तशाच ठेवा, नुसती व्यंजने बदला. शनिवारी क्रमांक लावा, पहिल्याला पेन्सिल द्या.

पण एक सांगतो. इथे पुण्यात एका शाळेत मी हे केले, तेव्हा दर आठवड्याला तीच तीन नावे वर. चौथ्या शनिवारी मागच्या बाकांवर कुणी वहीच उघडीना. चूक माझीच. मग शेजाऱ्याला किल्ली समजावून देणाऱ्यालाही गुण ठेवले, आणि बाके हलली. पुढच्या शनिवारी पहिली आली ती गणितात नेहमी मागे पडणारी मुलगी. कसे जमले, म्हणून विचारले. तिने आधी वाक्यांच्या शेवटचे ‘आहे’ पकडले होते.