भंडारदऱ्याचा लूप आणि माझी चुकलेली फाईल

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की भंडारदऱ्याला सायकलने कसं जायचं, जलाशयाला फेरी कुठल्या बाजूने मारायची, जीपीएक्स फाईल असेल तर दे. फाईल देतो. पण आधी एक कबुली द्यायची आहे. या लूपची फाईल मी पूर्वी एकदा दिली होती आणि ती चुकीची होती.

आधी जागा समजून घेऊ. भंडारदरा म्हणून आपण जिथे उतरतो ते गाव खरं तर शेंडी. अकोले तालुका, अहिल्यानगर जिल्हा. प्रवरेवर १९२६ साली पूर्ण झालेलं विल्सन धरण, त्याच्या मागे पश्चिमेला आत आत शिरलेला आर्थर लेक आणि काठाकाठाने गावं, वाड्या. दक्षिणेच्या काठाने निघालात की मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी. तिथून साम्रद, मग कोकणकड्यावरचं घाटघर, आणि उत्तरेच्या काठाने उडदावणे, पांजरे, मुरशेत करत परत शेंडी. सगळं मिळून पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर. दर रविवारी सिंहगड चढणाऱ्या माणसाला वाटतं, यात काय, सकाळी निघू आणि जेवायला परत.

मलाही तसंच वाटलं होतं. दोन वर्षांपूर्वी एका रात्री घरी बसून मी रूट प्लॅनरवर हा लूप काढला. तोवर मी तिकडे गेलो होतो तो गाडीने, तेही रतनवाडीपर्यंतच. प्लॅनरमध्ये 'सर्वांत जवळचा मार्ग' असा पर्याय होता, तो निवडला. रेषा छान जुळली. आमच्या सायकलिंगच्या ग्रुपवर टाकून दिली आणि वर लिहिलं: 'भंडारदरा लूप, सोपा ते मध्यम'. हे 'सोपा ते मध्यम' कुठल्या ॲपने सांगितलं नव्हतं. ते माझं.

ऑक्टोबरात ग्रुपमधले एक काका आणि त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी ती फाईल घेऊन गेले. रतनवाडीपर्यंत मजेत. पुढे फाईलने त्यांना डांबरी रस्ता सोडायला लावला. आधी बैलगाडीची वाट, मग पायवाट, मग ओढा. रेषा पुढे दिसत होती म्हणून ते सायकली ढकलत राहिले. अंधार पडला. फोनला रेंज नाही. ओढ्यातल्या दगडांवर मुलगी घसरली आणि मनगटावर पडली. गुरं शोधायला आलेल्या एका माणसाला त्यांचा दिवा दिसला म्हणून बरं. त्याने दोघांना वाडीत नेलं, पिठलं-भात खाऊ घातलं, पडवीत झोपवलं आणि सकाळी जीपमध्ये बसवून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांचा फोन आला. ओरडले वगैरे काही नाहीत. एवढंच विचारलं, "या रस्त्याने तू स्वतः गेला होतास का रे?"

मी म्हणालो, "नाही काका."

त्यांनी "बरं" म्हणून फोन ठेवला.

आता इंजिनीअर माणूस अशा वेळी काय करतो? माफी मागायची सोडून चूक कुठे झाली ते शोधत बसतो. मीही तेच केलं. सापडलं ते सांगतो, कारण तुम्हीही हीच ॲप वापरता. यातल्या बहुतेक ॲपच्या खाली ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा असतो. तो स्वयंसेवकांनी काढलेला, बऱ्याचदा उपग्रहाच्या फोटोवरून. रानातली वाट वरून पांढरी रेघ दिसते. ती कच्चा रस्ता म्हणून नोंदली गेली आणि पृष्ठभाग कसा आहे ते कोणी भरलं नसेल, तर मार्ग काढणारा प्रोग्रॅम कधीकधी ती सायकलला चालेल असं धरून चालतो. त्यात 'सर्वांत जवळचा' निवडलं, की झालंच.

चढाच्या आकड्याचंही तसंच. अनेक ठिकाणी ही उंची २००० साली अंतराळयानातून केलेल्या रडार मोजणीतून येते. जवळजवळ ३० मीटरच्या चौकोनाला एक आकडा. डोंगर कापून काढलेल्या रस्त्याला तो चौकोन कधी वरच्या उताराची उंची देतो, कधी खालच्या. म्हणजे 'एकूण चढ अमुक मीटर' हे सह्याद्रीत अंदाजे समजायचं. आणि या लूपवर एकही मोठा घाट नाही, दमवतात ते ओढे. प्रत्येक ओढ्यापाशी रस्ता आत वळतो, मोरीपर्यंत उतरतो आणि लगेच चढतो. चढ लहान, पण उभा. पॅनियर लावलेल्या सायकलवर विसाव्या वेळी तोच प्रकार आला की माणूस मुकाट्याने उतरतो.

नोव्हेंबरात सुट्टी टाकून मी एकटा गेलो. साम्रदच्या बाजूला रस्ता उखडलेला होता, दोन ठिकाणी सायकल ढकलली. वाटेत ती जागा दिसली जिथे माझी फाईल वळली होती. सांगतो, तिथून तो अगदी रस्ताच वाटतो. मी विचारत विचारत त्या घरी पोचलो. मी कोण ते सांगितल्यावर ते दादा हसले, "तुमचाच का तो नकाशा?" मग त्यांच्या घरातल्या आजींनी विचारलं, "त्या पोरीचा हात बरा झाला का?"

मला माहीत नव्हतं. महिनाभर मी नकाशातली चूक शोधत होतो. हात कसा आहे हे विचारायला फोन केला नव्हता.

तिथून घाटघर. वाऱ्याने उभं राहवत नव्हतं. खाली सगळं कोकण. इथल्या वीजप्रकल्पात मागणी असेल तेव्हा वरचं पाणी बोगद्यातून खालच्या जलाशयात सोडून २५० मेगावॅट वीज करतात आणि मागणी नसेल तेव्हा तेच पाणी पंपाने परत वर चढवतात. सायकलवाल्याला ऐकून हेवा वाटतो. पुढचा रस्ता त्यामानाने चांगला. शेंडीत रेंज आली आणि मी पहिला फोन काकांना केला. मनगटाला फ्रॅक्चर नव्हतं, सूजही उतरली होती. फोन मुलीने घेतला. म्हणाली, "माझा लूप अर्धा राहिलाय."

आता कामाचं. मुंबईकरांनी सायकल घेऊन इगतपुरीपर्यंत रेल्वेने यावं, मग घोटी, बारी, शेंडी. बारीला डोक्यावर कळसूबाई असते, १६४६ मीटर, आणि खिंडीचा चढ आहे. पुण्याहून येणाऱ्यांना संगमनेर, अकोले, राजूर. राजूरकडून येताना रंधा धबधब्याशी थांबा, नाहीतरी दम लागलेलाच असतो.

लूप रतनवाडीच्या बाजूनेच सुरू करा. खराब रस्ता ताज्या पायांनी निघतो आणि संध्याकाळी उशीर झालाच तर बरा रस्ता हाताशी राहतो. अमृतेश्वराचं मंदिर बघा, पाणी तिथेच भरून घ्या. नकाशा ऑफलाईन उतरवून ठेवा. पुढचा दात लहान आणि मागचा मोठा असा गिअर हवाच. भर पावसात जाऊ नका. घाटघरचा पाऊस आपल्या ओळखीचा नाही, आणि लाल चिखल मडगार्डमध्ये बसला की चाक फिरत नाही. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजव्यांसाठी गाड्यांची रांग लागते. तेव्हा रात्री सायकल काढूच नका. तुमचा दिवा काजव्यांनाही नको असतो.

खाली दिलेली फाईल जानेवारीतली आहे. काका, त्यांची मुलगी आणि मी, तिघांनी प्रत्यक्ष चालवलेली. घरी बसून काढलेली एकही रेषा तिच्यात नाही. जिथे ढकलावं लागतं तिथे तशी खूण केली आहे. वेळ दिसेल साडेसात तास. त्यातला पाऊण तास सायकली एकाच जागी उभ्या आहेत. तो जीपीएसचा बिघाड नाही. आजींनी चहा ठेवला होता आणि त्यांना मनगट बघायचं होतं.