पडद्यावरचे मूल आणि घरातले मूल

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरच्या एखाद्या विदुषीचे व्याख्यान ठेवावे, असा आपला प्रघात. यंदा चिटणीसबाईंनी घरच्याच बाईला उभे केले आहे. तीस वर्षे मी शाळेत मराठी शिकविले. वर्गापुढे बोलताना कधी अडखळले नाही, पण आपल्या बरोबरीच्या बायकांपुढे बोलायचे म्हणजे पोटात गोळा येतो. तरी आजचा विषय मी मागून घेतला आहे. त्यात माझी स्वतःची एक चूक आहे. आपली चूक चारचौघींत सांगितली, तर निदान दुसरी तरी त्या वाटेने जात नाही, असा माझा अनुभव आहे.

तीन वर्षांपूर्वीच्या आपल्या हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात माझ्या नातीने एक नाट्यप्रवेश म्हणून दाखविला होता, तो पुष्कळजणींना आठवत असेल. तेव्हा ती आठ वर्षांची होती. पाहुण्या म्हणून आलेल्या एका बाईंची मालिकांच्या धंद्यात ओळख होती. आठ दिवसांत निरोप आला, पोरीला मालिकेत घेतो. सूनबाई म्हणाली, "आई, शाळा बुडेल, नको." मुलगा गप्प बसला. आणि मी, जिने तीस वर्षे पालकांना "मुलांची शाळा बुडवू नका" म्हणून चिठ्ठ्या लिहिल्या, ती मी म्हणाले, "अगं, नशीब दारात आले आहे, त्याला काय परत पाठवायचे?" पेढेही मीच वाटले. तुमच्यापैकी कित्येकींनी ते खाल्ले आहेत.

पुढे काय झाले ते शेवटी सांगते. त्याआधी एका अमेरिकन मुलाची हकीकत ऐका. नातीच्या निमित्ताने मी हा विषय वाचू लागले आणि पहिल्यांदा हाती लागली ती हीच हकीकत.

या मुलाचे नाव गॅरी कोलमन. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात झायन नावाचे गाव आहे, तेथे ८ फेब्रुवारी १९६८ रोजी त्याचा जन्म झाला. एका कृष्णवर्णीय दांपत्याने त्याला लहानपणीच दत्तक घेतले. आई रुग्णसेवेच्या पेशात, वडील कारखान्यात माल उचलण्याचे यंत्र चालवीत. म्हणजे आपल्यासारखेच कष्टाचे घर. मुलाला जन्मापासूनच मूत्रपिंडाचा विकार होता. १९७३ साली, पाच वर्षांचा असताना, त्याच्यावर मूत्रपिंड बदलण्याची शस्त्रक्रिया झाली, आणि १९८४ साली पुन्हा एकदा. विकाराने आणि औषधांनी त्याची वाढ खुंटली. पुरता मोठा झाल्यावरही त्याची उंची चार फूट आठ इंचांच्या पुढे गेली नाही. पण जीभ चुरचुरीत, डोळे बोलके आणि विनोदाची जाण अशी, की थोरामोठ्यांनी तोंडात बोट घालावे.

१९७८ साली "डिफरन्ट स्ट्रोक्स" नावाची मालिका सुरू झाली. न्यूयॉर्कचा एक धनवान विधुर आपल्या मोलकरणीच्या मृत्यूनंतर तिच्या दोन मुलांना घरी आणून वाढवितो, असे तिचे कथानक. त्यातल्या धाकट्या अर्नोल्डचे काम गॅरीने केले. तेव्हा तो दहा वर्षांचा होता. मालिका १९८६ पर्यंत आठ वर्षे चालली आणि अमेरिकेत त्याला ओळखत नाही असे घर उरले नाही. भरभराटीच्या काळात एका भागामागे एक लाख डॉलरपर्यंत पैसे त्याला मिळत, असे सांगतात.

भगिनींनो, आता एक गोष्ट ध्यानात घ्या. मालिका संपली तेव्हा गॅरी अठरा वर्षांचा झाला होता, पण पडद्यावर तो लहान पोरच होता. उंची वाढत नव्हती, हे धंद्याच्या सोयीचेच होते. ज्या आजाराने त्या मुलाचे आयुष्य पोखरले, त्याच आजारावर लोक हसत होते. टाळ्या वाजविणाऱ्यांत दुष्ट कोणीच नव्हते. सर्वांचे त्याच्यावर प्रेमच होते. तेच वाचून मला अधिक वाईट वाटले.

१९८९ साली, एकविसाव्या वर्षी, गॅरीने आपल्या आईवडिलांवर आणि जुन्या व्यवस्थापकावर फिर्याद केली. त्याच्या नावाने निधी ठेवलेला होता, पण पगार, दलाली आणि व्यवस्थापनाच्या खर्चापायी तो झिजून गेला, असे त्याचे म्हणणे होते. १९९३ साली न्यायालयाने १२ लाख ८० हजार डॉलर त्याला देण्याचा निकाल दिला. खटला तो जिंकला, पण आईवडील गमावून बसला. त्यांचे संबंध पुढे कधी पूर्ववत झाले नाहीत. १९९९ साली त्याने दिवाळखोरी जाहीर केली.

त्याच्या आधीच्या वर्षीचा एक प्रसंग आहे. गॅरी तेव्हा सुरक्षारक्षकाची नोकरी करीत होता. एका दुकानात खरेदीला गेला असता एका बाईने त्याची सही मागितली, बोलाचाली झाली आणि त्याने त्या बाईवर हात उगारला. प्रकरण कोर्टात गेले. वर्तमानपत्रांनी चवीने छापले. हात उगारणे वाईटच, त्याची तरफदारी मी करीत नाही. पण तीस वर्षांचा आजारी माणूस पोटासाठी पहारा करतो आहे, आणि जो तो त्याच्याकडे दहा वर्षांचा अर्नोल्ड मागतो आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहा. २००३ साली कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत तो उमेदवार होता. एका वर्तमानपत्राने जवळजवळ थट्टा म्हणूनच त्याला उभे केले होते. तरी चौदा हजारांवर लोकांनी त्याला मते दिली. २८ मे २०१० रोजी, घरात पडून मेंदूत रक्तस्राव झाल्याने, युटा राज्यात तो वारला. वय अवघे बेचाळीस.

त्याच मालिकेत काम करणाऱ्या दुसऱ्या दोन मुलांचेही ऐका. १९८३ साली राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी नॅन्सी रेगन स्वतः या मालिकेच्या एका भागात आल्या होत्या, मुलांनी मादक पदार्थांपासून दूर राहावे हे सांगायला. आणि याच मालिकेतील बहिणीचे काम करणारी डेना प्लेटो १९९९ साली औषधांच्या अतिसेवनाने चौतिसाव्या वर्षी गेली. थोरल्या भावाचे काम करणारा टॉड ब्रिजेस कित्येक वर्षे कोकेनच्या व्यसनात होता. तो मात्र त्यातून उठला, सावरला आणि २०१० साली त्याने आपली कहाणी लिहून काढली. पडद्यावर उपदेश ऐकणाऱ्या मुलांकडे पडद्याबाहेर पाहायला कोणी नव्हते.

कोणी म्हणेल, तिकडे कायदा नव्हता काय? होता. आणि तोही एका मुलाच्या अश्रूंतूनच निघालेला. १९२१ सालच्या चार्ली चॅप्लिनच्या "द किड" या मूक चित्रपटातला फाटक्या टोपीतला पोर तुम्ही पाहिला असेल. तो जॅकी कूगन. लहानपणी त्याने लक्षावधी डॉलर मिळविले. तेव्हाच्या कायद्याने अज्ञान मुलाची कमाई आईबापांची. वडील १९३५ साली मोटार अपघातात गेले, आईने दुसरे लग्न केले आणि सज्ञान झालेल्या जॅकीच्या हाती काही आले नाही. १९३८ साली त्याने आई आणि सावत्र वडील यांच्यावर दावा लावला. खर्चवेच जाऊन सव्वा लाख डॉलरच्या आसपास रक्कम पदरात पडली. या प्रकरणाने लोक इतके हळहळले, की १९३९ साली कॅलिफोर्नियात कायदा झाला. तो आजही कूगनच्याच नावाने ओळखला जातो. त्यात फटी होत्या, त्या पुष्कळशा बुजविल्या गेल्या त्या २००० सालापासून. मुलाची कमाई मुलाचीच, आणि तिच्यातले पंधरा टक्के त्याच्या नावाने बाजूला ठेवलेच पाहिजेत, असे तेव्हा ठरले. पण तोवर गॅरीचे बालपण संपून गेले होते.

या सुधारणेसाठी झटणाऱ्यांत पॉल पीटरसन हा एक होता. १९५८ ते १९६६ पर्यंत "द डॉना रीड शो" या मालिकेत मुलाचे काम करणारा हा नट. रस्टी हेमर हाही त्या काळातला दूरचित्रवाणीवरचा लाडका पोर. १९९० सालच्या जानेवारीत त्याने स्वतःचे आयुष्य संपविले. तोही बेचाळीस वर्षांचाच होता. ते ऐकून पीटरसनने अशा मुलांसाठी एक संस्था काढली. जो स्वतः त्या वाटेने गेला, त्यालाच त्यातले काटे ठाऊक.

पण सगळ्याच मुलांचे असे होते, असे मी म्हटले तर ते खोटे होईल. रॉन हॉवर्ड सहाव्या वर्षापासून आठ वर्षे "अँडी ग्रिफिथ शो"मध्ये होता. त्याचे वडील स्वतः नट, मुलाबरोबर ते कामावर हजर असत. मुलगा साध्या सरकारी शाळेतही शिकला. पुढे तो मोठा दिग्दर्शक झाला आणि "अ ब्यूटिफुल माइंड"साठी त्याला ऑस्कर मिळाले. आपल्याकडे "मालगुडी डेज"मधला स्वामी कोण विसरेल? शंकर नाग यांनी आगुंब्याला चित्रित केलेल्या त्या मालिकेतला मास्टर मंजुनाथ पुढे "अग्निपथ"मध्ये लहानपणचा विजय झाला. मग त्याने अभिनय सोडला, शिक्षण पुरे केले आणि बंगळूरला आपल्या पायावर उभा राहिला. तेव्हा मुलांच्या अभिनयाला मी नावे ठेवीत नाही. मुलामागे उभे राहणारे घर कोणते, त्यावर सारे अवलंबून आहे.

आता आपल्या देशातील नियम सांगते, कारण ते मला तेव्हा ठाऊक नव्हते, आणि तुमच्यापैकीही फार थोड्यांना असतील. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ साली नियम आले. त्याप्रमाणे चौदा वर्षांखालच्या मुलाला दिवसाला पाच तासांपेक्षा अधिक काम करू देता येत नाही. विश्रांतीवाचून सलग तीन तासांपेक्षा अधिक नाही. जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने आधी घ्यावयाची. सलग सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त काम नाही, आणि शिक्षणात खंड पडता कामा नये. पाच मुलांमागे निदान एक जबाबदार माणूस हवा. कमाईतले किमान वीस टक्के मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकले पाहिजेत. आणि सर्वांत महत्त्वाचे, मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला काम करावयास लावता येत नाही.

हे शेवटचे वाचले तेव्हा माझे डोळे भरून आले. का, ते आता सांगते.

नात कामाला जाऊ लागली. पहिले पंधरा दिवस मौज होती. मग एकदा सूनबाईला ताप आला, म्हणून मी सोबत गेले. सकाळी दहाला पोहोचलो. रात्री साडेनऊला पोर जरीच्या परकरात, तोंडाला रंग, केसांत गजरा, अशी खुर्चीत बसल्या बसल्या झोपली होती. एक माणूस आला आणि म्हणाला, "आजी, उठवा तिला, रडण्याचा प्रसंग आहे, आत्ता डोळे जड आहेत ते बरेच झाले." मी तिला उठविले. मैत्रिणींनो, मी उठविले. परवानगी आहे का, किती तास झाले, हे विचारण्याची मला बुद्धी झाली नाही. वर त्याला "हो" म्हणाले.

घरी येताना गाडीत ती माझ्या मांडीवर डोके ठेवून म्हणाली, "आजी, मी हे काम नाही केलं तर तू रागावशील का?" सूनबाईला नव्हे, बाबाला नव्हे, तिने मला विचारले. कारण तिला ठाऊक होते, हौस कोणाची आहे ते.

दुसऱ्या दिवशी मुलाने आणि सूनबाईने जाऊन सांगून टाकले. थोडी कटकट झाली, ठरलेले पैसेही पुरे आले नाहीत. जे आले ते सगळे तिच्या नावाने बँकेत आहेत. ती आता अकरा वर्षांची आहे. शाळेच्या नाटकात काम करते आणि तालीम संपली की खो-खो खेळायला पळते. पुढे मोठी होऊन नटी व्हायचे तिने ठरविले, तर पहिल्या रांगेत मी बसेन.

जाता जाता तुमच्याकडे दोन मागणी मागते. ज्या घरी अशी संधी येईल, त्यांनी आधी नियम विचारावेत, आणि त्याच्याही आधी मुलाला विचारावे. मोठ्यांचे तोंड पाहून मूल "हो" म्हणते. ते "हो" धरू नये. दुसरी मागणी आपणा प्रेक्षक बायकांकडे. माझ्या नातीला जिन्यात, बाजारात, देवळात अजून कोणी ना कोणी विचारते, "काय गं, आता टीव्हीवर दिसत नाहीस?" विचारणारीच्या मनात वावगे काही नसते, पण पोर खाली मान घालते. तिला विचारायचेच असेल तर खो-खोत कितीजणींना बाद केलेस, ते विचारा. पुष्कळ वेळ सांगत बसेल.